शिकेकाई पहिल्यांदा घरी करणार असशील तर
अगं आधी एक सांगते, तयार पूड आणू नकोस, शेंगाच आण. बेळगावात रविवार पेठेत मिळतात, खानापूरकडं कुणी ओळखीचं असलं तर जंगलातल्याच सांग. शेंग हातात घेऊन मोडून बघ, कट्‌कन मोडली पाहिजे, वाकली तर अजून ओली आहे, दोन दिवस कडक उन्हात टाक नाहीतर पुडीला बुरशी आलीच म्हणून समज. माझी पहिल्या वर्षीची सगळी पूड अशीच गेली, जीव हळहळला.

आमच्या आजीचं माप म्हणजे 1 किलो शेंगा, पाव किलो रिठा, 100 ग्रॅम मेथी, 100 ग्रॅम आवळकाठी (वाळवलेला आवळा) आणि वासाला मूठभर गव्हला कचोरा. रिठ्याच्या आतली काळी बी काढायचीच बरं का, ती दगडासारखी असते, फेस सगळा सालीत असतो. रिठा जास्त घालू नकोस, केस कोरडे पडतात.

दळताना तोंडाला पदर बांध, नाहीतर शिंकून शिंकून जीव जाईल! गिरणवाल्याला आधीच विचार, पिठाच्या जात्यावर घेत नाहीत ते.

आणि शाम्पूसारखा फेस होत नाही म्हणून घाबरू नकोस गं, दोन चमचे पूड गरम पाण्यात अर्धा तास भिजव, गाळून घे म्हणजे कण केसात अडकत नाहीत, आणि डोळे घट्ट मीट, लई झोंबतं. शेजारच्या कन्नड अज्जी सीगेकाई म्हणतात, त्या अजून भाताच्या पेजेत कालवतात, मी पण आता तसंच करते, केस मऊ राहतात.