तंत्रशंका : कळीवर एक, पडद्यावर दुसरेच

प्रश्न : माझी मुलगी ब्रिटनमधल्या लीड्सहून येताना स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी घेऊन आली. येथील दुकानदाराने त्यात विंडोज नव्याने घालून दिल्यापासून @ छापलेली कळ दाबली की दुहेरी अवतरणचिन्ह उमटते आणि पौंडाच्या कळीवर # येते. दुकानदार कीबोर्ड बदलून घ्यायला सांगतो. तो खरोखरच बिघडला आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कीबोर्ड धडधाकट आहे; त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. कळ दाबल्यावर संगणकाकडे अक्षर जात नाही, तर त्या कळीच्या जागेचा क्रमांक जातो, आणि त्या जागेला कोणते चिन्ह द्यायचे हे विंडोजमध्ये निवडलेला लेआउट ठरवतो. आपल्या कळा ब्रिटिश आहेत. विंडोज नव्याने घालताना लेआउट मात्र भारतीय इंग्रजीचा निवडला गेला असावा, आणि त्याची मांडणी मूळची अमेरिकी आहे.

दोन्हीकडे अक्षरांच्या जागा एकच आहेत. घोळ चिन्हांचा आहे. ब्रिटनमध्ये शिफ्टसह २ दाबल्यास दुहेरी अवतरणचिन्ह येते आणि @ एंटरजवळच्या एकेरी अवतरणाच्या कळीवर असते. अमेरिकेत नेमके उलट. ३ वर ब्रिटनमध्ये पौंड, अमेरिकेत #. ज्यांनी जुन्या यांत्रिक टाइपरायटरवर हात बसवला त्यांना २ वरचे अवतरणचिन्ह आठवत असेल. ब्रिटिशांनी ती जुनी जागा सोडली नाही, एवढेच. कळांचा आकारही वेगळा आहे : ब्रिटिश एंटर दोन ओळी व्यापणारी उभी असते, तर डावी शिफ्ट आखूड करून तिच्या आणि झेडच्या मधे एक जादा कळ बसवलेली असते. त्यामुळे अमेरिकी कीबोर्ड आणला तरी तो या लॅपटॉपच्या खाचांत नीट बसेलच असे नाही.

उपाय सेटिंग्जमध्ये आहे. विंडोज ११ मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यातील ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडावे, इंग्रजीसमोरच्या तीन टिंबांवरून ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जावे आणि ‘ॲड अ कीबोर्ड’मधून ‘युनायटेड किंगडम’ निवडावे. कळांकडे पाहून टाइप करण्याची सवय असेल तर हाच लेआउट ठेवावा. न पाहता, येथल्या सवयीने बोटे चालत असतील, तर मात्र आहे तेच बरे; छापलेल्या चिन्हांकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

जुना लेआउट काढून टाकण्याची घाई करू नये. उजवी ऑल्ट आणि ४ या कळा एकत्र दाबल्यास भारतीय लेआउटमध्ये ₹ मिळतो, ब्रिटिशमध्ये तेथे युरो येतो. दोन्ही ठेवल्यास विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की लेआउट बदलतो. पासवर्डच्या वेळी मात्र सावध राहावे, कारण तेथे ठिपकेच दिसतात आणि @ च्या जागी अवतरणचिन्ह गेले तरी कळत नाही. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला, तर चौकटीतल्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून नेमके काय उमटले आहे ते पाहावे.

आपण मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा कीबोर्ड लेआउट) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट : ‘डॉक्टर’मधला ॉ अमेरिकी कीबोर्डवर एंटरच्या वर, तिरप्या रेघेच्या कळीवर असतो. आपल्या लॅपटॉपवर ती कळ एंटरच्या कुशीत सरकली आहे आणि तिच्यावर # छापलेले आहे.