नळीवर 'झाइस' नाही, मग दुर्बीण नकली का?

प्रश्न : माझे काका १९७०च्या दशकात स्टुटगार्टला नोकरीला होते. त्यांनी आणलेली दुर्बीण आता माझ्याकडे आहे. भिंगाच्या कड्यावर 'सी ६३/८४०' आणि 'आउस येना' असं कोरलंय. 'झाइस' कुठेच नाही. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतो, नाव नाही म्हणजे नक्कल. खरं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या व्यापाऱ्याला दुर्बीण देऊ नका. त्याला एकतर माहिती नाही, किंवा चांगलीच माहिती आहे!

भिंगं आणि दुर्बिणी बनवणाऱ्या झाइस कंपनीचं मूळ घर म्हणजे येना, पुढे पूर्व जर्मनीत गेलेलं शहर. एप्रिल १९४५मध्ये अमेरिकन फौजा येनात शिरल्या. त्या भागाचा ताबा रशियनांकडे जाणार होता, म्हणून निघताना त्यांनी झाइसमधले अनेक तज्ज्ञ सोबत नेले आणि १९४६ साली पश्चिमेकडच्या भागात ओबरकोखेनला नवी कंपनी उभी राहिली. येनाच्या कारखान्यातली बरीचशी यंत्रं रशियनांनी उचकटून नेली. उरलं ते १९४८मध्ये सरकारी झालं. एका घराच्या दोन चुली झाल्यावर व्हायचं तेच झालं. नावासाठी देशोदेशी कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, त्या थेट १९७१च्या लंडन करारापर्यंत. पश्चिम जर्मनीत 'झाइस' हे नाव ओबरकोखेनकडे राहिलं. तिथे विकायच्या मालावर येनावाले 'आउस येना' (येनाहून आलेलं) किंवा 'येनॉप्टिक' असं घालत. काकांनी ती स्टुटगार्टलाच घेतली असणार. पूर्व बर्लिनमध्ये घेतली असती तर बहुधा 'कार्ल झाइस येना' असं पुरतं नाव मिळालं असतं.

६३ हा भिंगाचा व्यास आणि ८४० नाभीय अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 'सी' म्हणजे साधं दुहेरी भिंग. 'एएस' असतं तर काच वेगळी, रंगदोष (प्रतिमेच्या कडेला दिसणारी रंगीत झालर) कमी आणि भावही चढा. सी ६३/८४० भिंग येनाच्या 'टेलिमेंटॉर' दुर्बिणीत असे. पूर्व जर्मनीत १९५९पासून दहावीला खगोलशास्त्र सक्तीचं होतं आणि ही दुर्बीण तिथल्या अनेक शाळांत पोचली. मुलांच्या हाती द्यायची, म्हणून दणकट. शाळेसाठी एवढी उत्तम वस्तू बनवणाऱ्या लोकांचा मला तरी हेवा वाटतो. आपल्याकडे येनाची मोठी भावंडं आहेत : तमिळनाडूतल्या कावलूरची १ मीटरची दुर्बीण तिथलीच. १० मार्च १९७७ला युरेनसच्या आड तारा गेला, तेव्हा युरेनसभोवतीच्या कड्यांच्या खुणा टिपणाऱ्यांत तीही होती.

आता तपासणी. अंधारात भिंगावर तिरका टॉर्च मारा. प्रतिबिंबं पांढरीफेक न दिसता निळसर-जांभळी दिसली, तर भिंगावरचा चकाकी कमी करणारा लेप शाबूत आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. मुंबई-कोकणात काही वर्षं काढलेल्या भिंगांत ती हमखास सापडते. कडं स्वतः उघडू नका. दोन भिंगांची एकमेकांशी असलेली जुळणी फिरली, तर ताऱ्याचा ठिपका फिसकटतो. नेत्रिकेची (डोळा लावायच्या भिंगाची) नळी कॅलिपरने मोजा : २४.५ मिमी भरेल. आजच्या ३१.७ मिमीच्या नेत्रिका थेट बसत नाहीत, अडॅप्टर लागेल. मात्र जुन्या जपानी दुर्बिणींचं मापही २४.५च असे, तेव्हा एवढ्यावरून निकाल लावू नका. अनुक्रमांक असल्यास टिपून, फोटोंसह येनातल्या झाइस अभिलेखागाराला लिहा.

प्रश्न : म्युनिकच्या जुन्या बाजारात 'रेव्यू' नावाची ६० मिमीची दुर्बीण घेतली. पेटीत जर्मन पुस्तिका आहे, पण साल नाही. हा कुठला जर्मन कारखाना? – एक वाचक, म्युनिक

उत्तर : कारखाना नव्हे, दुकान. 'रेव्यू' हा फ्युर्टच्या क्वेले या टपालविक्री कंपनीच्या फोटो विभागाचा छाप होता. माल दुसऱ्यांकडून करून घ्यायचा आणि आपलं नाव लावायचं. नेत्रिकेच्या बाजूला, तिपाईच्या पट्टीखाली 'जपान' किंवा वर्तुळातलं बारीक अक्षर शोधा. खरा कारागीर तिथे सापडतो.

सालासाठी पुस्तिकेतला पत्ता पाहा. पश्चिम जर्मनीत चार आकडी पिनकोड १९६१-६२मध्ये आला आणि १ जुलै १९९३ला पाच आकडी झाला. चार आकडे असतील तर पुस्तिका या दोन टप्प्यांमधली. कुठे 'डीआरपी' दिसलं, तर ते जुन्या राइखचं पेटंट, म्हणजे तो भाग १९४५पूर्वीच्या रचनेचा; ६० मिमीच्या रेव्यूवर ते सापडलं तर आधी मला फोटो पाठवा, कारण कुणीतरी दोन दुर्बिणींची एक केली असेल.