वाचकांचे प्रश्न : कोर्टापासून लपवलेला अहवाल

प्रश्न : यंदा मुलीकडे सिऍटलला गेले होते. जावयांनी फेरीबोटीनं बेनब्रिज बेटावर नेलं. तिथे जुन्या धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर लाकडाची लांबलचक भिंत आहे आणि तिच्यावर सगळी जपानी नावं. जावई म्हणाले, दुसऱ्या महायुद्धात या लोकांना सरकारनं घरातून काढून छावण्यांत ठेवलं, आणि त्यांतले बरेचसे अमेरिकेचेच नागरिक होते. कोर्टानं हे चालू कसं दिलं? आमच्या घरी यावरून वाद झाला. यजमान म्हणतात, शत्रूनं बाँब टाकल्यावर सरकार काय पुरावे तपासत बसणार? आपल्याकडे असं कधी झालं का? नातवाला शाळेत यावर लिहायचं आहे, त्याला काय सांगू?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, जावईबापूंनी सांगितलं ते खरं आहे. बेनब्रिजच्या लोकांना तर सगळ्यांच्या आधी नेलं. २४ मार्च १९४२ ला हुकूम निघाला आणि ३० तारखेला २२७ माणसं, त्यांत कडेवरची पोरंसुद्धा, बंदुकधारी सैनिकांच्या पहाऱ्यात त्या धक्क्यावरून बोटीत चढली. मध्ये जेमतेम सहा दिवस. तिथली बरीच घरं स्ट्रॉबेरीच्या शेतीवर जगायची. पीक हाती यायच्या आत शेत सोडावं लागलं. स्वतःला उचलता येईल तेवढंच सामान न्यायची मुभा होती.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ ला सही केलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशात कुठल्याही समाजाचं नाव नव्हतं. लष्करानं ठरवलेल्या भागातून कोणालाही हलवता येईल, एवढंच त्यात होतं. तो आदेश सरसकट वापरला गेला पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांवर. सुमारे १,२०,००० माणसं, त्यांतली दोन-तृतीयांश तिथेच जन्मलेली नागरिक. आधी रेसकोर्स आणि जत्रेची मैदानं. सांता अनिताला तर घोड्यांच्या तबेल्यांत कुटुंबं राहिली. मग मांझानार, मिनिडोका, टोपाझ अशा ओसाड जागी दहा छावण्या. काटेरी कुंपण, पहाऱ्याचे मनोरे, एका कुटुंबाला एक खोली.

आता कोर्टाचं. माझं सगळं आयुष्य वकिलीत गेलं, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो.

मिनोरू यासुई हा पोर्टलंडचा तरुण वकील. जपानी वंशाच्या लोकांवर रात्रीची संचारबंदी लागली तेव्हा तो मुद्दाम रस्त्यावर फिरला. कोणी पकडेना, म्हणून स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन उभा राहिला. हेतू एकच, कायदा कोर्टापुढे यावा. त्याला नऊ महिने एकांतकोठडी मिळाली. तुम्ही राहिलात त्या सिऍटलच्या विद्यापीठातला गॉर्डन हिराबायाशी हा विद्यार्थीही असाच मुद्दाम खटल्याला सामोरा गेला. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही दोषी धरलं. पुढे ओकलंडचा वेल्डर फ्रेड कोरेमात्सू, हुकूम निघूनही घर न सोडणारा. त्याचा निकाल १८ डिसेंबर १९४४ ला सहा विरुद्ध तीन असा त्याच्याविरुद्ध गेला. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ती मर्फींनी हा उघड वंशद्वेष आहे असं स्पष्ट लिहिलं. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी बजावलं की हे तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, आणि निकडीचं कारण सांगणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याच्या हाती लागेल.

बहुमतानं लष्कराच्या शब्दावर विश्वास ठेवला. तो शब्द कसा होता पाहा. पश्चिम किनाऱ्याचे सेनापती जनरल ड्यूइट यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये लिहिलं होतं की आजवर घातपात झालेला नाही, हीच पुढे तो होणार याची खूण आहे. अशा युक्तिवादापुढे निर्दोष माणसानं काय सिद्ध करायचं? लोकांना हलवण्याबद्दलच्या त्यांच्या अहवालाच्या मूळ मसुद्यात असं होतं की या लोकांतले निष्ठावान कोण हे ओळखणंच शक्य नाही, हाताशी वेळ होता की नव्हता हा प्रश्नच नाही. हे कोर्टात अंगाशी येईल म्हणून युद्धखात्यानं मजकूर बदलून घेतला आणि वेळ अपुरा होता असं कारण घातलं. मूळ प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. एक प्रत वाचली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती सापडली आयको हर्झिग-योशिनागा यांना, ज्या स्वतः तरुणपणी मांझानारच्या छावणीत होत्या. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातल्या एका अधिकाऱ्यानं तर धोका मूठभरांपुरता आहे, एकेकाची चौकशी करावी, असं तेव्हाच कळवलं होतं. सरकारी वकिलांना ते माहीत होतं. त्यांच्यातल्याच एकानं हे कोर्टाला न सांगणं म्हणजे पुरावा दडपण्यासारखं होईल असा इशाराही दिला होता. तरी कोर्टाला सांगितलं नाही. २०११ मध्ये सरकारचे वकील म्हणून नील कात्याल यांनी ही चूक जाहीरपणे कबूल केली. ते भारतीय स्थलांतरितांचे चिरंजीव.

हे वाचताना मला रावपुऱ्यातलं आमच्या वरिष्ठांचं ऑफिस आठवतं. आणीबाणी होती, मी नवशिका. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, नवऱ्याला उचलून नेलेली एक बाई हुकमाचा कागद घेऊन आली होती. ‘यात कारण कुठे लिहिलंय?’ असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. कारण द्यायचं नाही अशी दुरुस्तीच कायद्यात झालेली होती. वरिष्ठ नुसतेच कागदाकडे बघत राहिले. एप्रिल १९७६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही अशा अटकेविरुद्ध आणीबाणीत कोर्टात दाद मागता येणार नाही हे सरकारचं म्हणणं चार विरुद्ध एक मतानं मान्य केलं; न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. म्हणून ताई, कोर्टानं चालू कसं दिलं याचं माझं उत्तर असं, की कारण दाखवा म्हणायची जागा कोर्ट होती आणि ते त्यांनी म्हटलं नाही.

यजमानांना हवाईबद्दल विचारा. बाँब पडले ते तिथे, पर्ल हार्बरवर. बेटांवरची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वस्ती जपानी वंशाची. तिथे मात्र सरसकट कोणाला हलवलं नाही, दोन हजारांहून कमी लोकांना निवडून ताब्यात घेतलं. सगळीच वस्ती उचलली असती तर तिथलं कामकाजच ठप्प झालं असतं. म्हणजे एकेकाची चौकशी जमत होती, आणि तीही रणांगणाच्या तोंडावर. पुढे सरकारनंच नेमलेल्या आयोगाला १९८३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या या लोकांकडून झालेल्या हेरगिरीचं वा घातपाताचं एकही नोंदलेलं उदाहरण मिळालं नाही. त्याच वर्षी कोरेमात्सूवरचा दोष रद्द झाला. १९८८ मध्ये सरकारनं माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. तोवर कितीतरी जण गेले होते.

आपल्याकडे? हो, झालं. राजस्थानात देवली म्हणून गाव आहे. १९४१ मध्ये जयप्रकाश नारायण, कॉम्रेड डांगे तिथे स्थानबद्ध होते. पुढे सिंगापूर-मलायातून धरून आणलेले जपानी नागरिक आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंत आणि मग याच देवलीत ठेवले गेले. ते ब्रिटिशांचं राज्य. पण १९६२ च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना आपल्या सरकारनं रेल्वेनं याच देवलीत नेलं. त्यांतले कितीतरी इथेच जन्मलेले होते. शेवटचे लोक सुटले १९६७ मध्ये. घरी परतले तर अनेकांच्या दुकानांचा आणि घरांचा लिलाव झालेला. बरेच जण पुढे कॅनडात गेले. सरकारनं माफी मागावी असं त्यांचं म्हणणं आहे, ती आजवर मागितलेली नाही.

नातवाला बेनब्रिजबरोबर देवलीवरही लिहायला सांगा. आणि मर्फींचं भिन्नमत त्यानं मोठ्या माणसाला सोबत घेऊन मुळातून वाचावं; फार लांब नाही, आणि जिथे अडेल तिथे मला पत्र टाका.