ग्रुपवर चारशे जण, बोलायला एकही नाही

गेल्या अंकात आम्ही वाचकांच्या ऑनलाइन गटांतून होणाऱ्या मैत्रीबद्दल प्रश्न मागवले होते. नाशिक शहरातून आलेल्या पत्रांतले काही इथे घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : लग्नानंतर जळगावहून सिडकोत राहायला आले. दीड वर्षापासून पुस्तकवेड्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. चारशेच्या वर सभासद आहेत. रोज सगळं वाचते, अधूनमधून ‘छान लिहिलंय’ म्हणते. पण मैत्रीण म्हणावी अशी एकही नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : ‘छान लिहिलंय’ हेच चुकतंय, ताई. त्यावर समोरची ‘धन्यवाद’ म्हणते, दोन हात जोडलेली खूण पाठवते आणि विषय तिथेच संपतो. एवढ्या मोठ्या ग्रुपात रोज लिहिणारे पंधरा-वीसच असतात, बाकीचे तुमच्यासारखे गुपचूप वाचणारे. तुम्हाला चारशेंशी मैत्री करायचीच नाहीये. तीन-चार जणी सापडल्या तरी खूप झालं.

त्यासाठी दोन आठवडे नुसतं बघा. कोण स्वतः वाचून लिहितं आणि कोण मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून टाकतं, हे चटकन कळतं. खरं वाचलेल्या माणसाच्या लिहिण्यात एखादा प्रसंग असतो, एखादी खटकलेली गोष्ट असते. असा मेसेज दिसला की त्यावर बोट दाबून धरा आणि स्टार करून ठेवा. पंधरा दिवसांनी स्टार केलेले मेसेज उघडलेत की तीच तीच चार-पाच नावं पुन्हा पुन्हा दिसतील. ती तुमची माणसं.

मग ग्रुपवरच त्यांच्याशी बोला, पण त्यांच्या मेसेजला ‘रिप्लाय’ करून. सुटं लिहिलंत तर मध्ये आलेल्या सुप्रभातांच्या पुरात ते वाहून जाईल. लिहिताना पुस्तकातली नेमकी जागा सांगा, तिथे तुम्हाला काय वाटलं ते सांगा आणि शेवटी असा प्रश्न ठेवा की ज्याला नुसत्या हो-नाहीनं उत्तर देता येणार नाही. समजा, तिनं एका कादंबरीतल्या सासूबद्दल लिहिलंय. तुम्ही लिहा : ‘ती ओट्यावर बसून एकटीच गहू निवडते, तिथे मला तिचा राग आला नाही, कीव आली. नंतर ती सुनेला किल्ल्या देते, ते तुम्हाला मनापासून वाटलं की हरल्यामुळे?’ एवढंच. याला उत्तर आल्याशिवाय राहत नाही. शेवट फोडणार असाल तर तसं पहिल्याच ओळीत सांगा. टेलिग्रामवर मजकूर झाकून पाठवायची सोय आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

अशी तीन-चार वेळा देवाणघेवाण झाली की पर्सनलला जायला हरकत नाही, पण आधी ग्रुपवरच विचारा : ‘तुम्हाला पर्सनलला लिहिलं तर चालेल ना?’ पहिल्या मेसेजमध्ये स्वतःचं नाव, कोणत्या ग्रुपवरच्या आणि कोणत्या पुस्तकावरून लिहिताय, हे सगळं एकदमच येऊ द्या. नुसतं ‘हाय’ पाठवू नका. अनोळखी नंबरवरून आलेलं ‘हाय’ बायका उघडतही नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. उत्तर नाही आलं तर दुसरा मेसेज टाकू नका. ग्रुपवर आधीसारखंच बोलत राहा.

आणि जवळची माणसं शोधा. ‘सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूचं कोण कोण आहे?’ असं एकदा ग्रुपवर विचारून बघा. लांबच्या मैत्रिणीशी गप्पा उत्तम होतील, पण पुस्तक द्यायला ती जिना उतरून येऊ शकत नाही. दोघींच्या पिशव्यांतून दोन पुस्तकं इकडची तिकडे गेली की पुढच्या भेटीचं निमित्त आपोआप तयार होतं, कारण ती परत करायची असतात. पहिल्यांदा भेटायला घरच हवं असं नाही. शालिमारजवळचं सार्वजनिक वाचनालय, आपलं ‘सावाना’, १८४० सालापासून आहे. तिथे दोघींनी मिळून पुस्तकं चाळली तर गप्पांना विषय शोधावा लागत नाही. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. व्याख्यान संपल्यावर ‘काय वाटलं?’ हा प्रश्न हातात तयारच असतो. ज्यांना पहिल्या भेटीत बोलायला सुचत नाही, त्यांनी अशीच जागा निवडावी.

प्रश्न : निवृत्त आहे, नाशिक रोडला राहतो. आमच्या वाचन ग्रुपातल्या मंडळींनी प्रत्यक्ष भेटावं म्हणून दोनदा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला २२ जणांनी ‘येतो’ म्हटलं, आले सात. दुसऱ्या खेपेला चार. एका गृहस्थांनी पाऊण तास एकट्यानंच भाषण केलं. पुन्हा बोलवावं का?

उत्तर : बोलवा, काका. सात जण म्हणजे अपयश नव्हेच. सहा ते आठ हीच अशा बैठकीची चांगली संख्या. बाराच्या वर गेलात की दोन कोपऱ्यांत दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात. अंगठा दाखवणाऱ्यांतले तिसरा हिस्सा येतील असं धरूनच चाला.

‘कधी जमेल?’ असं विचारलंत की बैठक बारगळली म्हणून समजा. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी साडेचार ते सहा, असं एकदा ठरवा आणि तीन जण आले तरी रद्द करू नका. पहिले तीन-चार महिने त्यातच जातात. रविवार सकाळ टाळा. निम्मे मिसळीला जातील, उरलेले मिसळ खाऊन पेंगत येतील. हॉटेलातही नको, मिक्सरच्या आवाजात मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही. सोसायटीचा हॉल किंवा एखाद्या वाचनालयाची खोली बरी. सगळ्या बैठका नाशिक रोडलाच ठेवलीत तर गंगापूर रोडची मंडळी दोन महिन्यांत गळतील. एक महिना तुमच्याकडे, एक तिकडे, असं करा.

पुस्तक निवडायला मतदान घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये १२ पर्याय देता येतात आणि लोक त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव निवडतात. ते त्यांनी एकतर आधीच वाचलेलं असतं किंवा कधीच वाचायचं नसतं. त्यापेक्षा दर महिन्याला एकानं पुस्तक सांगायचं आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता वाचायचं. अट एवढीच की दोनशे पानांच्या आत हवं आणि त्याच्या निदान तीन प्रती गावात मिळायला हव्यात. मराठी पुस्तकांचं दुखणं इथेच आहे. आवृत्ती संपलेली असते, वाचनालयात एकच प्रत, तीही कोणीतरी नेलेली. आठ जणांत एक प्रत फिरवायची तर महिना पुरत नाही. म्हणून पुस्तक दोन महिने आधी ठरवा.

भाषण करणाऱ्यांचा इलाज सोपा आहे. सुरुवातीला प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. घड्याळ त्याच गृहस्थांच्या हातात द्या. दुसऱ्यांना थांबवण्याचं काम मिळालं की माणूस स्वतः लांबण लावायला कचरतो. त्यानंतर ज्यानं पुस्तक निवडलं त्यानं तीन प्रश्न मांडायचे. शेवटची दहा मिनिटं पुढच्या पुस्तकाला. न वाचता आलेल्यांना येऊ द्या, फक्त ‘शेवट सांगू नका’ असं म्हणायचा हक्क त्यांना नाही.

एकच पुस्तक सगळ्यांनी वाचायचं हे जमलंच नाही तर दुसरी वाट आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं नाशिकमधूनच सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना तुम्हाला ठाऊक असेलच. पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, गटातले लोक ती वाचतात आणि मग ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. या पेट्या परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही पोचल्या आहेत. चर्चा न करताही त्यातून माणसं जोडली जातात, कारण पेटी ज्याच्या घरी असते तिथे जावंच लागतं.

प्रश्न : ग्रुपातल्या ओळखीवर पुस्तकं वाचायला दिली. नऊपैकी चार परत आली, त्यातलं एक पावसात भिजून. आता मागायला संकोच वाटतो. (गंगापूर रोड)

उत्तर : पुस्तक देताना ‘सावकाश द्या’ म्हणू नका. त्याचा अर्थ ‘नाही दिलंत तरी चालेल’ असा घेतला जातो. ‘१५ तारखेला मला हवंय’ म्हणा आणि मुखपृष्ठ दिसेल असा, पुस्तक घेणाऱ्याच्या हातातला फोटो काढून त्यालाच पाठवा. खाली तारीख टाका. हा फोटो चॅटमध्ये राहतो आणि पुढची आठवण तोच करून देतो. एका माणसाला एका वेळी एकच पुस्तक. ते परत आल्याशिवाय दुसरं नाही, मग तो कितीही जवळचा असो. सही असलेली किंवा आवृत्ती संपलेली प्रत देऊच नका, घरी बसून वाचायला सांगा.

अडकलेल्या पाच पुस्तकांसाठी ‘माझं पुस्तक द्या’ असं न लिहिता ‘दुसऱ्या एकीला ते वाचायचंय, शनिवारी घ्यायला येऊ का?’ असं लिहा. वार सांगितला की टाळणं कठीण जातं. स्वतः जाऊन आणायची तयारी ठेवा.

भिजलेल्या पुस्तकाला उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि बांधणीचा डिंक तडकतो. ते उभं ठेवा, पानं पंख्यासारखी थोडी फाकवा, दर पंधरा-वीस पानांमागे कोरा शोषक कागद घाला आणि पंख्याच्या वाऱ्यावर राहू द्या. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. कागद ओला झाला की बदला. पूर्ण वाळल्यावर वर वजन ठेवून दोन दिवस दाबा. लोकांचं चुकतं ते इथे : अर्धवट वाळलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतात. आठवड्याभरात बुरशी धरते आणि शेजारच्या पुस्तकांनाही लागते. जून ते सप्टेंबर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून न्यायचं, पण घरी पोचल्याबरोबर बाहेर काढायचं.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर काही जण नव्या पुस्तकांच्या पीडीएफ टाकतात. नको म्हटलं की ‘वाचन वाढतंय ना!’ असं ऐकवतात. मी अ‍ॅडमिन आहे, काय करू?

उत्तर : काढून टाका. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि ती मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून मोकळी झाली. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या पुस्तकांना २०५९ सरेपर्यंत थांबावं लागेल. अनुवादात बरेच जण फसतात. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेलेला असला तरी मराठी अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. चर्चेसाठी चार ओळींचा उतारा किंवा समीक्षेपुरता भाग देता येतो, तेवढ्यानं कोणी भांडायला येत नाही. मोकळी झालेली बरीच पुस्तकं मराठी विकिस्रोतावर आहेत. पीडीएफऐवजी तिथली लिंक टाका म्हणावं.

प्रश्न : कॉलेजात आहे. वाचन ग्रुपवरचे एक काका रात्री अकरानंतर ‘काय वाचतेस?’ असे मेसेज करतात, दोनदा फोनही केला. ग्रुप आवडतो, सोडायचा नाही. उद्धटपणा न करता कसं थांबवू?

उत्तर : थांबवणं हा उद्धटपणा नाही. ‘मला पर्सनलला मेसेज आणि फोन नकोत, पुस्तकांबद्दल ग्रुपवर बोलू’ एवढं एकदा लिही. कारण देऊ नकोस, माफीही मागू नकोस. पुन्हा मेसेज आला तर स्क्रीनशॉट काढून ब्लॉक कर आणि तो अ‍ॅडमिनला पाठव. ब्लॉक केलेल्याला ग्रुपवर तुझे मेसेज दिसत राहतात, पण तो तुला वेगळा मेसेज किंवा फोन करू शकत नाही. अ‍ॅडमिननं टाळाटाळ केली तर तो ग्रुप चांगला नाही, पुस्तकं कितीही चांगली असोत.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात तुझा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो आणि ‘ग्रुप्स’ दोन्ही ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेव. तिथेच ‘कॉल्स’मध्ये अनोळखी नंबरांचे फोन वाजू न देण्याची सोय आहे. ग्रुपातल्या कोणाला पहिल्यांदा भेटायचं असेल तर दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी, स्वतःच्या गाडीनं किंवा बसनं जा आणि घरी सांगून जा.

फसवणूक वय बघून होत नाही, म्हणून सगळ्यांसाठीच आणखी एक : ‘दुर्मीळ पुस्तक आहे, आधी पैसे पाठवा’ असं म्हणणाऱ्याकडून प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

प्रश्न : डोळ्यांमुळे मी हल्ली पुस्तकं ऐकते. ग्रुपवर चर्चेत भाग घ्यायला कसंसंच वाटतं. पान क्रमांक विचारतात, मी काय सांगू? (पंचवटी)

उत्तर : प्रकरण आणि मिनिट सांगा, आजी. ‘सातव्या प्रकरणात, बाराव्या मिनिटाला’ असं. छापील प्रत असलेला कोणीतरी पान शोधून देईल. आणि वाचणाऱ्यांपैकी एखादीला ती जागा तुम्हाला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. ऐकण्याची सवय असलेल्या कानांना निवेदकानं कुठला शब्द दाबला ते कळतं, आणि ते इतर कोणाला सांगता येणार नाही.