नट फिरवता फिरवता ठरलेलं करिअर

ऐरोलीच्या बारावीतल्या एका मुलीनं लिहिलंय: "ठाणे-बेलापूर रोडवर बाबांची दुचाकी ट्रेलरखाली आली. नडगीचं सहा सेंटीमीटर हाड गेलं, वरचं मांसही. आता पायाभोवती हाडात तारांनी अडकवलेल्या धातूच्या रिंगा आहेत. पाच आठवडे झाले, दिवसातून चारदा नट मीच फिरवते. मला हेच काम करायचंय. ऑर्थो, म्हणजे हाडांची सर्जरी, घेऊ की प्लास्टिक सर्जरी? आत्या म्हणते, नीट नाही निघाली तर फिजिओ आहेच."

चि. मुली,

दर वेळी नट फिरवला की हाडाचा तुकडा पाव मिलिमीटर सरकतो. चारदा, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. ही पद्धत सोव्हिएत सर्जन गावरील इलिझारोव यांची. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये 1950 च्या दशकात त्यांनी ती बसवली. चांगलं हाड मुद्दाम कापून तुकडा हळूहळू सरकवायचा, की मागच्या फटीत नवं हाड धरतं. तुमची निम्म्याहून जास्त वाट झाली. पण सरकवणं संपलं की रिंग निघत नाही. हाड पक्कं व्हायला आणखी काही महिने जातात, हे घरात आताच सांगून ठेव.

आता तुझा प्रश्न. ऑर्थो की प्लास्टिक, हे आज ठरवू नकोस. अशा पायाला दोघंही लागतात: हाड ऑर्थोचं, वरचं मांस प्लास्टिकचं. नडगीवर समोरून मांस जवळजवळ नसतंच. गुडघ्याजवळची जखम पोटरीचा स्नायू वळवून झाकता येते. घोट्याकडे आलं, की बहुधा पाठीचा किंवा मांडीचा तुकडा आणून त्याच्या बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडाव्या लागतात. मांस नसेल तर हाड उघडं पडून सडतं.

आधी नीट, मग इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस. ऑर्थोला पुढं तीन वर्षं एमएस. प्लास्टिकला जनरल सर्जरीची तीन आणि त्यावर एमसीएच या पुढच्या पदवीची तीन. तिशी येते. बाबांची कमाई थांबलेली असताना हे स्पष्ट बोलायला हवं. कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज महापालिकेचं आहे, पसंतीत ते वर ठेव. नेरुळ-कामोठ्याच्या खासगी कॉलेजांची फी बघून मगच फॉर्म भर.

आत्यांना मात्र माझा निरोप सांग. फिजिओ म्हणजे हुकलेल्यांची रांग नव्हे. हाड सरकताना पोटरी आखडते, पाऊल खाली झुकतं. रोज ते ताणणारं कुणी नसेल, तर हाड जुळूनही माणूस नीट चालत नाही. तुला बाबांचं पाऊल हलवताना जास्त समाधान वाटतं की एक्स-रेतली ती धुरकट नवी रेघ पाहताना? पुढच्या फॉलोअपला एक्स-रे समोर धरून डॉक्टरांना विचार, हे नवं हाड कुठून सुरू झालं. उत्तर ऐकताना आपलं मन कुठं गुंततं ते बघ.

आणि नट फिरवायला बाबांनाच शिकव. पुष्कळ पेशंट स्वतःच फिरवतात. वहीत वेळ लिहायची, दिशा चुकवायची नाही. तेवढाच वेळ तुला फिजिक्सला मिळेल.