गोळी पोटात गेल्यावर

औषधं आणि जेवणाच्या वेळा यांवर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. डोस वाढवू का, कमी करू का, हे मला विचारू नका. तो तुमच्या डॉक्टरांचा प्रांत. माझी सगळी नोकरी औषध कंपन्यांच्या फॉर्म्युलेशन विभागात गेली, त्यामुळे गोळी बनते कशी आणि पोटात गेल्यावर तिचं होतं काय, एवढंच मी सांगू शकते.

प्रश्न : ताई, माझे वडील 74 वर्षांचे आहेत, मधुमेह आहे. मेटफॉर्मिनची एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी रात्री जेवताना घेतात. दोनदा त्यांना शौचात अख्खीच्या अख्खी गोळी दिसली. मेडिकलवाला म्हणाला, माल डुप्लिकेट असेल. तेव्हापासून वडिलांनी गोळी बंद केली आहे. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी डॉक्टरांना फोन करा आणि गोळी किती दिवस बंद आहे ते सांगा. या सगळ्या प्रकरणात काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे. माल डुप्लिकेट असण्याची शक्यता फार कमी. वडिलांना दिसला तो गोळीचा रिकामा सांगाडा. आमच्या धंद्यात त्याला 'घोस्ट टॅब्लेट' म्हणतात.

मेटफॉर्मिन पाण्यात झटकन विरघळतं. साधी गोळी पोटात गेली की थोड्याच वेळात सगळं औषध मोकळं होतं, म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. तेच काम एका गोळीत करायचं तर औषधाला आवर घालणारं काहीतरी हवं. त्यासाठी एचपीएमसी नावाची, सेल्युलोजपासून बनवलेली पांढरी पूड औषधात मिसळतात आणि दोन्ही मिळून गोळी दाबतात. पाणी लागलं की गोळीचा बाहेरचा थर फुगून, भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती येतो तसा, बुळबुळीत होतो. आतलं औषध त्या थरातून वाट काढत काही तास हळूहळू झिरपतं. औषध निघून जातं, पण ती बुळबुळीत चौकट आपल्याला पचत नाही. ती तशीच बाहेर पडते, कधी विस्कटून, कधी जवळजवळ मूळ आकारात. एसआर गोळी गिळताना घशात अडकेल असं वाटण्याइतकी मोठी असते तीही याच पुडीमुळे. पाण्यात एवढं विरघळणारं 500 मिलिग्रॅम औषध धरून ठेवायला पूडही भरपूर लागते.

पुन्हा दिसली तर काडीने दाबून बघायला सांगा. किळस येईल, पण खात्री होईल. लगद्यासारखी दबली तर तिचं काम झालेलं आहे. गिळली तशीच टणक असेल, वडिलांना जुलाब होत असतील किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला.

जेवणाबरोबर घ्यायला सांगतात त्यालाही कारण आहे. मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. पोटात अन्न असलं की गोळी तिथे जास्त वेळ रेंगाळते आणि औषध त्या भागात थोडं थोडं पोचत राहतं. उपाशीपोटी घेतली तर ती लवकर पुढे सरकते, आणि उरलेलं औषध जिथे शोषलं जात नाही तिथे जाऊन सांडतं.

रक्तदाबावरच्या निफेडिपिनच्या काही गोळ्यांचं तंत्र याहून गमतीदार आहे. गोळीवर पाणी आत घेणारं पण औषध बाहेर न सोडणारं कवच असतं आणि त्याला लेसरने एक बारीक भोक पाडलेलं असतं. आतला एक थर पाणी पिऊन फुगतो आणि औषधाला त्या भोकातून ढकलत राहतो. कवच शेवटी रिकामं बाहेर येतं. गोळीबरोबरच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरांत.

प्रश्न : मुलीने खास वारांचे खण असलेली डबी पाठवली आहे. रविवारी आठवड्याच्या गोळ्या काढून भरून ठेवते. पावसाळ्यात बीपीची टेल्मिसार्टन गोळी चार दिवसांत मऊ पडते आणि कडेने फुगते. शेजारच्या खणातल्या गोळ्यांना काही होत नाही. हीच कंपनी खराब का? – एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, निरीक्षण अगदी बरोबर, पण कंपनीचा दोष नाही. टेल्मिसार्टन साध्या पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आणि जे विरघळत नाही ते रक्तात पोचत नाही. विरघळावं म्हणून गोळी बनवतानाच तिच्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिन असे अल्कली पदार्थ घालतात. गोळी सुटताना औषधाच्या कणांभोवती अल्कली वातावरण तयार होतं आणि ते विरघळायला लागतं. पण हे पदार्थ हवेतलं पाणीही तितक्याच हावरेपणाने ओढतात, आणि रत्नागिरीच्या जुलैत हवेत पाण्याला काय तोटा?

त्या गोळीची पट्टी हातात घेऊन बघा. बहुतेक दोन्ही बाजूंनी जाड ॲल्युमिनियमची असेल. हे पॅकिंग महाग पडतं. कंपनीचे खरेदीवाले एकेका पैशासाठी आमच्याशी भांडायचे, शोभेसाठी त्यांनी ते कधीच मान्य केलं नसतं. नवी गोळी आम्ही तिच्या पॅकिंगसकट 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवून तपासतो. पट्टीबाहेर काढलेल्या गोळीला ती परीक्षा लागू नाही.

फुगलेल्या गोळ्या टाकून द्या. डबी चांगली आहे, वापरा. फक्त टेल्मिसार्टन पट्टीतून काढू नका, कात्रीने एकेक कप्पा कापून तसाच खणात ठेवा. कापताना तारखेचा तुकडा शेवटपर्यंत राहील असं बघा. आणि ॲस्पिरिनच्या डबीला व्हिनेगरसारखा वास आला तर तीही काढून टाका. दमट हवेत ॲस्पिरिन फुटून त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, तोच तो वास.

प्रश्न : सासूबाईंना गिळायला त्रास होतो. मी सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मऊ भातातून देते. चालतं ना? – एक वाचक, नागपूर

उत्तर : काही चालतात, काही अजिबात नाही. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असं काही असेल तर कुटू नका. दिवसभरात झिरपायचं औषध एका तासात अंगावर येईल. पित्तासाठी सकाळी घेतात त्या पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलचंही तेच. ही औषधं पोटातल्या ॲसिडमध्ये टिकत नाहीत. पोट ओलांडून आतड्यात पोचेपर्यंत सुटणार नाही असा थर त्यांच्यावर चढवलेला असतो, आणि तोच तुम्ही खलबत्त्यात काढून टाकता. गंमत अशी की ॲसिडने नष्ट होणारं हे औषध रक्तातून फिरून पोटाच्या ॲसिड बनवणाऱ्या पेशींत पोचतं, तेव्हा तिथल्या ॲसिडनेच ते जागं होतं. पोटात नको आणि पेशीत हवं, असा हिशेब.

रक्त पातळ ठेवणारी डॅबिगाट्रानची कॅप्सूल उघडून आतले दाणे दिले तर शोषण सुमारे 75 टक्क्यांनी वाढू शकतं, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. सासूबाईंच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि एकेकीबद्दल विचारा. बऱ्याच औषधांची पातळ किंवा पाण्यात विरघळवून द्यायची रूपं मिळतात.

प्रश्न : डॉक्टरांनी लिहिलेली कोलेस्टेरॉलची एटोरवास्टॅटिन गोळी जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी किमतीत मिळाली. मुलगा म्हणतो, जेनेरिकमध्ये 80 टक्के औषध असलं तरी चालतं असा नियमच आहे. खरं का? – एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

उत्तर : सर, मुलाने अर्धाच नियम ऐकलाय. गोळीत औषध किती असावं याची मर्यादा वेगळी. बहुतेक गोळ्यांसाठी ती लेबलवरच्या आकड्याच्या 90 ते 110 टक्के असते, ब्रँड असो की जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीखेरीज दुसऱ्या कोणी बनवलेली तीच गोळी. 80 हा आकडा येतो तो रक्तातल्या मोजमापातून. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ गोळी देतात, मध्ये काही दिवस जाऊ देऊन दुसरी देतात आणि दोन्ही वेळा तासातासाने रक्त घेतात. औषध एकूण किती पोचलं आणि सर्वांत वरची पातळी किती गाठली, या दोन्हींचं गुणोत्तर काढतात. ते गुणोत्तर ज्या पट्ट्यात असण्याचा 90 टक्के भरवसा देता येतो, तो अख्खा पट्टा 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसावा लागतो. सरासरीच 80 वर असेल तर पट्ट्याचं खालचं टोक बाहेर जाणारच आणि गोळी नापास. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 1996 ते 2007 मधल्या अशा 2,070 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा एकूण पोचलेल्या औषधातला सरासरी फरक साधारण साडेतीन टक्के निघाला.

पण औषध तेच आणि तेवढंच असूनही परिणाम बदलू शकतो, ही भीती काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियात 1968च्या सुमारास फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांचा अचानक तोल जायला लागला. कॅप्सूलमधलं औषध होतं तेवढंच होतं. उत्पादकाने फक्त भरीचा पदार्थ बदलला होता, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. आधी कॅल्शियममुळे फेनिटॉइनचा काही भाग शोषलाच जात नव्हता, आता तो शोषला जाऊ लागला. आणि फेनिटॉइन असं आडमुठं, की डोस थोडा वाढला तरी रक्तातली पातळी एकदम उडी मारते.

आमच्या कारखान्यात हा प्रकार मॅग्नेशियम स्टिअरेटच्या रूपाने रोज समोर असायचा. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून ही मऊ पूड टाकतात, अर्धा-एक टक्का. ती सगळ्यांत शेवटी घालून मोजकी मिनिटंच फिरवायची. ऑपरेटर चहाला गेला आणि ब्लेंडर फिरत राहिला, तर ही पूड प्रत्येक दाण्यावर पसरते आणि दाणा पाणी घेईनासा होतो. गोळी दिसायला सुरेख, वजनाला बरोबर, आणि विरघळायचं नाव नाही. म्हणून तर पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांचीच जास्त धास्ती. एटोरवास्टॅटिन त्याच गटातलं. अशा गटांतल्या पोटात घ्यायच्या औषधांना रक्तातली तुलना आपल्याकडे सक्तीची झाली ती एप्रिल 2017 मध्ये. फार उशिरा, असं माझं मत.

तेव्हा तुमची गोळी डॉक्टरांना सांगून खुशाल बदला आणि दोन-तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासा; आकडाच सांगेल. फिटची, थायरॉईडची आणि अवयवरोपणानंतरची औषधं मात्र दर महिन्याला मिळेल त्या कंपनीची घेऊ नका. एक धरा आणि तीच चालू ठेवा. आणि ज्याला आपण ब्रँड म्हणतो ती गोळीही भारतात बहुतेक वेळा जेनेरिकच असते, नाव तेवढं मोठं. पट्टीच्या मागे उत्पादक कोण आहे ते वाचा, मुलालाही वाचायला द्या.

प्रश्न : थायरॉईडची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली तर काय बिघडतं? – एक वाचक, पुणे

उत्तर : शोषण घटतं. साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. फॉर्म्युलेशन घ्यायचं म्हटलं तर सीनियर म्हणतात, ते नुसतं डब्यात भरायचं काम, खरं संशोधन नवा रेणू शोधण्यात. – एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : सीनियरना रिटोनाविरबद्दल विचार. एड्सवरचं हे औषध 1996 मध्ये बाजारात आलं, ॲबट कंपनीचं. 1998 मध्ये त्याच्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास व्हायला लागल्या. रेणू तोच होता, पण त्याचं आधी कोणी न पाहिलेलं दुसरं स्फटिकरूप तयार व्हायला लागलं होतं, पहिल्यापेक्षा कितीतरी कमी विरघळणारं. एकदा ते आलं आणि पहिलं बनवणंच अवघड होऊन बसलं. कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या आणि रुग्णांवर कडवट पातळ औषध पिण्याची वेळ आली. नंतर फ्रिजमध्ये ठेवायची कॅप्सूल आली, आणि फ्रिज न लागणारी गोळी थेट 2010 मध्ये. रेणू शोधणाऱ्यांचं काम केव्हाच संपलं होतं. या सगळ्या वर्षांत झगडले ते फॉर्म्युलेशनवाले.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर अँफोटेरिसिन बी घे. बुरशीवरचं हे 1950च्या दशकातलं औषध, मूत्रपिंडांना इतकं त्रासदायक की डॉक्टर हात आखडता घ्यायचे. तोच रेणू लिपिडच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लिपोसोममध्ये, बसवला की मूत्रपिंडांना होणारी इजा बरीच कमी होते. साध्या औषधाचा डोस किलोला साधारण एक मिलिग्रॅम, तर म्युकरमायकोसिसमध्ये (म्हणजे 'काळ्या बुरशी'त) लिपोसोमल पाच मिलिग्रॅमपर्यंत आणि गरज पडली तर त्याहून जास्तही देता येतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने यावर बरंच आधी काम केलं होतं. 2021 मध्ये 'काळ्या बुरशी'च्या साथीत महाराष्ट्रभर नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते, ते मुख्यतः हेच.

कॉलेजात डिसोल्यूशनचं, म्हणजे गोळी किती वेगाने विरघळते ते मोजायचं, यंत्र असेलच. दोन कंपन्यांच्या साध्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या आण. पीएच 5.8चा बफर 900 मिली, 37 अंश, पॅडल मिनिटाला 50 फेरे. दर पाच मिनिटांनी नमुना काढ आणि आलेख मांड. पण आकड्यांआधी काचेच्या भांड्याच्या तळाशी वाकून बघ. एका गोळीची पूड पॅडलच्या बरोबर खाली ढीग करून बसेल आणि हलणारच नाही, दुसरीची उडून पसरेल, असं होऊ शकतं. तसं झालं तर दोन्ही पट्ट्यांवरची नावं झाकून आलेख मला पाठव, का झालं ते आपण पुढच्या अंकात बघू.