सगळ्यात चांगला देश कोणता, मॅडम?

नोकरी आहे, फ्लॅट आहे, मूल शाळेत जातंय, आणि परदेशी जायचं हेही नक्की झालंय. अडलंय ते फक्त कुठे जायचं यावर. भाषेची अडचण नको म्हणून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे सहाच देश विचारात असतात. मग रात्री दीड-दोनपर्यंत व्हिडिओ, पगाराचे आकडे, घरभाडी, तापमानाचे तक्ते. झोप उडते, घरात धुसफूस सुरू होते आणि माणूस माझ्यासमोर येऊन विचारतो, "सगळ्यात चांगला देश कोणता, मॅडम?" व्हिसा एजंटला विचारायचा प्रश्न समुपदेशकाला का विचारताय, असं मी गमतीने म्हणते. पण दोन एजंटांकडून दोन उत्तरं घेऊनच तो आलेला असतो.

अशातलंच एक जोडपं. नावं देत नाही, ओळखीचे तपशीलही बदललेत. तो अडतिशीचा, आयटीत. ती फिजिओथेरपिस्ट. पहिल्याच भेटीत त्याने लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट. सहा देश, त्यांतली शहरं, वीसेक रकाने, प्रत्येकाला वजन. हवामानाला सर्वांत जास्त. कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीच्या रात्रीची सरासरी उणे वीसच्या आसपास, म्हणून तिथे लाल रंग. डब्लिनमध्ये डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून पिवळा. ऑस्ट्रेलियातलं पर्थ हिरवंगार.

"हे किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं झाली असतील," तो म्हणाला.

"तीन," ती म्हणाली.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. माणूस कशावर अडलाय यापेक्षा तो मनात कसली अट घालून बसलाय, याकडे माझं लक्ष आधी जातं. पण अशा माणसाला माहितीची चूक दाखवल्याशिवाय तो पुढे बोलत नाही, म्हणून सुरुवात मी त्याच्याच मैदानात केली.

त्याच्या शीटमध्ये 'राहण्यायोग्य शहरां'च्या जागतिक क्रमवारीचा एक रकाना होता. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत मेलबर्न २०११ ते २०१७ सलग पहिलं होतं. ऑकलंड २०२१ मध्ये पहिलं आलं आणि पुढच्याच वर्षी ३४वं. कोविडच्या निर्बंधांमुळे गुण वरखाली झाले. "वर्षभरात त्या शहरातलं जगणं इतकं बिघडलं असेल?" मी विचारलं. तो हसला. अशा याद्यांचा एक उपयोग म्हणजे परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला किती भत्ता द्यायचा हे कंपन्यांनी ठरवणं. भाडं स्वतः भरणाऱ्या, बायकोची तिथे व्यवसाय करण्यासाठी नोंदणी होईपर्यंत एका पगारावर राहणाऱ्या घरासाठी त्या केलेल्याच नसतात.

हवामानाचंही तसंच. लंडन म्हणजे पाऊस, असं त्याने लिहिलं होतं. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यापेक्षा कमी. फरक एवढाच की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि तिथला बारा महिने झिमझिमत राहतो. ऑकलंडच्या हिवाळ्यात बर्फ नाही म्हणून त्याला पूर्ण गुण होते. पण न्यूझीलंडची जुनी घरं आतून इतकी गार आणि दमट असतात, की भाड्याच्या घराची बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत तापवता आली पाहिजे, असा नियम सरकारला २०१९ मध्ये आणावा लागला. उलट कॅनडात बाहेर रक्त गोठवणारी थंडी असली तरी घरात माणसं टीशर्टवर बसतात. ऑस्ट्रेलियातल्या त्या हिरव्यागार उन्हाचीही दुसरी बाजू आहे. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक आहे. गोऱ्या कातडीला धोका जास्त हे खरं, पण कितीतरी प्राथमिक शाळांत टोपी नसेल तर मुलाला सावलीतच खेळावं लागतं.

त्याला हे आवडलं. आवडणारच, त्याला आणखी रकाने मिळाले ना!

हवामानाला इतकं वजन द्यावं का, यावर एक अभ्यास मी नेहमी सांगते. डेव्हिड श्काडे आणि डॅनिएल कानमन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या थंड मध्य-पश्चिमेतल्या आणि उबदार कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना ते आयुष्यात किती समाधानी आहेत हे विचारलं. दोन्हीकडचं समाधान जवळपास सारखं निघालं. पण कॅलिफोर्नियातली माणसं जास्त सुखी असतील, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. लांबून पाहताना फक्त ऊन दिसतं. तिथे राहायला लागल्यावर ऑफिस, ट्रॅफिक, सासूचा फोन आणि भांडी हेच दिवसभर पुरतं.

याचा अर्थ हवा बिनमहत्त्वाची, असा नाही. हिवाळी नैराश्याचं शास्त्रीय वर्णन १९८४ मध्ये झालं, आणि त्याचं मोठं कारण थंडी नसून उजेडाची कमतरता आहे. आपल्याला ते झेपेल का, याचा थोडा अंदाज घरबसल्या येतो. जुलैमध्ये आठ-दहा दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा तुमचं काय होतं? उठवत नाही, रडू येतं, कामात मन लागत नाही, असं दर वर्षी होत असेल तर डब्लिन किंवा व्हँकूवरचा विचार डॉक्टरांशी बोलून करा. भजी तळाविशी वाटत असतील तर फार घाबरू नका.

पण त्याची अडचण ही नव्हतीच. एका भेटीत तिने ती उघड केली.

"मॅडम, मेलबर्न पहिलं आलं त्या रात्री याने वणव्यांचा रकाना घातला. मग डब्लिन वर आलं, तर भाड्याच्या घरांची टंचाई. टोरांटो वर आलं, तर फॅमिली डॉक्टर मिळायला लागणारा वेळ. जिंकत आलेल्याला हा पाडतोच. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या मावशीचं असंच होतं. स्थळ पसंत पडायला लागलं की तिला मुलाचे दात दिसायचे."

तो चिडला. "रकाने खोटे आहेत का?"

"एकही खोटा नाही," मी म्हटलं. "मला एवढंच सांगा, एखादं शहर पहिलं येतं तेव्हा तुम्हाला काय होतं?"

"काय म्हणजे? बरं वाटतं."

"खरंच?"

बराच वेळ तो लॅपटॉपच्या कडेवर नख घासत राहिला. मी मध्ये बोलले नाही. नवशिक्या समुपदेशकाला ही शांतता सहन होत नाही, तो घाईने पुढचा प्रश्न विचारतो. मला आता ती वाचता येते.

"पोटात गोळा येतो," तो म्हणाला.

"आणि डोळ्यांसमोर?"

"बाबा." मग हळूहळू बाकीचं आलं. वडिलांची बायपास झालेली. 'आमचं बघू आम्ही, तू जा,' असं ते दर रविवारी म्हणतात. "मी तिकडे असताना त्यांना काही झालं, तर... निदान देश तरी बरोबर निवडलेला असला पाहिजे. इतकं सोडून गेलो आणि तेही चुकलं, असं नको."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

इथे मला जे उमगलं ते नंतर अनेक घरांत लागू पडलं. हवामान हे फार सभ्य कारण असतं. 'तिकडची थंडी सोसणार नाही,' म्हटलं की आईला वाईट वाटत नाही, बायको वाद घालत नाही, मित्र हसत नाहीत. त्यामुळे जे बोलता येत नाही, ते सगळं लोक तापमानाच्या रकान्यात भरतात. शीट निर्णय घेण्यासाठी नव्हतीच. कधीच अपराधी वाटणार नाही अशी हमी तो त्या शीटकडून मागत होता, आणि ती हमी कॅनडाकडेही नाही, ऑस्ट्रेलियाकडेही नाही.

पुढच्या भेटींत आम्ही त्या अटीवर काम केलं. वडिलांना काही झालं तर दुःख होईल, खूप होईल, पण त्यामुळे तू नालायक मुलगा ठरतोस का? हा प्रश्न त्याने बऱ्याचदा उडवून लावला. नंतर एकदा रविवारच्या फोनवर त्याने वडिलांना विचारलं, की तुम्हाला तिकडे येऊन राहायला आवडेल का? ते म्हणाले, "वर्षातले सहा महिने येऊ की. कुणी विचारलंच नाही."

मग जी तुलना तीन वर्षं झाली नव्हती ती आठवडाभरात झाली. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र मुलाचं ठरावीक उत्पन्न लागतं आणि त्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो, जो बायपासनंतर महाग पडतो. ऑस्ट्रेलियात पालकांना कायमचं नेण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे कित्येक वर्षांची रांग, त्यातल्या त्यात वेगवान मार्ग म्हणजे मोठी रक्कम. ब्रिटनमध्ये तर वृद्ध पालकांना कायमचं नेणं जवळपास अशक्यच. अमेरिकेत भारतीयांसाठी नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांगच इतकी लांब, की तो देश चर्चेआधीच बाद झाला.

तिच्या कामाचा रकाना तिने स्वतः भरला. ब्रिटनमध्ये नोंदणी कागदपत्रांवर होते, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात परीक्षांतून जावं लागतं. "एवढा अभ्यास मी करेन," ती म्हणाली. "पण हे मला विचार. माझ्या वतीने मार्क देऊ नकोस."

माझ्याकडे येणाऱ्यांना आता मी देशांची तुलना करूच देत नाही. एक शहर घ्या, त्या शहरातला सगळ्यात वाईट महिना घ्या आणि त्यातला एखादा मंगळवार. मुलाला शाळेतून कोण आणतं? अंधार किती वाजता पडतो? बस की गाडी? महिनाअखेरीला भाडं जाऊन काय उरतं? भांडण झालं तर तिने कुणाकडे जायचं? हे दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग एकमेकांचं वाचायचं. शहर बघायला जायची ऐपत असेल तर टोरांटोला जूनमध्ये जाऊ नका, फेब्रुवारीत जा. आणि लोकलने दोन तास प्रवास करणाऱ्या डोंबिवलीकराने तिथल्या तासाभराच्या प्रवासाला 'वाईट' म्हणण्याआधी थोडा विचार करावा.

त्या दोघांनी कॅनडा निवडला, म्हणजे हवामानात सगळ्यात कमी गुण मिळालेला देश. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या गुणांवर चालणाऱ्या स्थलांतर योजनेत, प्रोफाइल टाकलंय, अर्ज करण्याचं निमंत्रण अजून नाही. तिथे तिशीनंतर वयाचे गुण दर वर्षी घटतात, त्यामुळे न येण्याची शक्यताही बरीच. ऑस्ट्रेलियात तेच गुण चाळिशी लागली की २५ वरून १५ वर येतात. म्हणून त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या सहा महिने आधीची तारीख दोघांनी ठरवलीय. तोवर कॅनडाचं जमलं नाही, तर ॲडलेडचा अर्ज भरायचा.